आईचं पोट, माझी सही

कृष्णाकाठ

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. प्रश्न कायद्याचा आहे, पण नुसता कायद्याचाही नाही. जाणकारांनी सांगावं.

गेल्या महिन्यात आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. वय ७१. शुगर आहे, गोळ्यांवर ताब्यात. बाकी ठणठणीत. शाळेत इंग्रजी शिकवायची, निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली. अजून पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचते आणि शब्दकोडं पेनाने सोडवते, पेन्सिलने नाही. जेवणानंतर उजव्या कुशीत दुखायचं, सोनोग्राफीत खडे निघाले. सर्जन म्हणाले, दुर्बिणीतून करू, तीन-चार छोटी भोकं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी. हे ते माझ्याशी बोलले. आई बाहेर बाकावर बसली होती, कारण आत खुर्ची एकच होती.

आदल्या रात्री साडेदहाला सिस्टर फाइल घेऊन आल्या. "पेशंटचे कोण?" मी म्हणालो, मुलगा. "या इकडे." जेवणाच्या चाकाच्या टेबलावर फाइल उघडून त्यांनी पाच ठिकाणी पेनाने फुल्या मारून ठेवल्या होत्या. फॉर्म इंग्रजीत. ऑपरेशनचं नाव लिहायची जागा कोरी होती. विचारलं तर "सर सकाळी भरतील." मी पाच सह्या केल्या. आई हातभर अंतरावर कॉटवर बसून, चष्मा लावून आमच्याकडे बघत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

सकाळी आत नेल्यावर पाऊण तासाने सर्जन टोपी-मास्कसकट बाहेर आले. आत फार चिकटलंय, दुर्बिणीतून रेटण्यात धोका आहे, पोट उघडून करावं लागेल. सहावी सही. ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दोनाचे सहा दिवस झाले एवढंच.

तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग बदलताना आईने टाके बघितले. वीतभर. तेव्हा काही बोलली नाही. दुपारी मला म्हणाली, "तीन भोकं म्हणाला होतास." मी चिकटलेलं वगैरे सांगितलं. ऐकून घेतलं आणि मग, "मला विचारलं होतं का कुणी?" मी म्हणालो, अगं तू भुलीखाली होतीस, इमर्जन्सी होती. "आदल्या रात्री काय इमर्जन्सी होती?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हा धागा. शुद्धीवर असलेल्या, लिहितावाचता येणाऱ्या बाईच्या ऑपरेशनला तिच्या मुलाची सही चालते का? आणि चालत नसेल तर सगळीकडे तीच का घेतात?

---

निमिष७

सेम टू सेम. माझ्या बायकोच्या सिझेरियनला माझ्या चार सह्या, सासऱ्यांच्या दोन. तिची अंगठ्याएवढी जागा शेवटच्या पानावर. वाचतोय.

---

काळाकोट

छोटं उत्तर: चालत नाही. १८ वर्षांवरील, भान असलेल्या माणसाच्या शरीराबद्दल संमती त्याचीच. मुलगा, नवरा, बाप, कुणीही तिच्या जागी ती देऊ शकत नाही. नातेवाइकांची सही जादा म्हणून घ्यावी, कुणी अडवलेलं नाही.

मोठं उत्तर: यावर सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा निकाल आहे, समीरा कोहली खटला. दिल्लीतली ४४ वर्षांची अविवाहित बाई. १९९५ च्या मे महिन्यात पाळीच्या त्रासासाठी दवाखान्यात गेली. दुर्बिणीतून तपासणी आणि जमल्यास उपचार, एवढ्यावर तिची सही. ती भुलीखाली असताना सहायक डॉक्टर बाहेर आल्या, आईची सही घेतली आणि गर्भाशय नि दोन्ही बीजाशयं काढली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तिची तक्रार फेटाळली होती. सर्वोच्च न्यायालयाने उलटवली. पेशंट सज्ञान आहे, काही तासांत शुद्धीवर येणार आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, तेव्हा आईच्या सहीला अर्थ नाही.

आता धागाकर्त्याच्या कामाचा भाग. संमतीआधी काय सांगायचं तेही निकालात आहे: काय करणार, कशासाठी, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, आणि करायचं नाही म्हटलं तर काय होईल. लाखात एखाद्याला होणारी गुंतागुंत सांगितलीच पाहिजे असं नाही. शिवाय पुढे लागू शकणाऱ्या जादा प्रक्रियेची संमती आधीच एकत्र घेता येते, हेही त्यात स्पष्ट म्हटलंय. म्हणजे तुमच्या आईला आदल्या रात्री "दुर्बिणीतून करू, जमलं नाही तर पोट उघडू, चालेल ना?" एवढं विचारून तिची सही घेतली असती तर सहावी सही लागलीच नसती.

---

बोलघेवडा

वकीलसाहेब, त्या बाईला भरपाई किती मिळाली तेही सांगा की.

---

काळाकोट

२५ हजार रुपये. मागितले होते २५ लाख. आणि डॉक्टरांना फी सोडावी लागली. शस्त्रक्रिया चुकीची नव्हती, हेतू वाईट नव्हता, हे न्यायालयाने मान्य केलं होतं, म्हणून रक्कम लहान.

---

बोलघेवडा

१९९५ ते २००८. तेरा वर्षांनी २५ हजार. झालं, मिटला धागा. 😀

---

गावचा_सर्जन

मिटला नाही, कारण मी आलोय. तालुक्याच्या गावी बावीस वर्षं हेच पित्ताशयाचं ऑपरेशन करतोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. दुर्बिणीतून सुरू करून पोट उघडावं लागणं हे अपयश नव्हे. आत सूज असेल, पित्तनलिका नीट ओळखू येत नसेल तर उघडणं हाच शहाणपणा. नलिका कापली गेली की पेशंटचं आयुष्यभराचं दुखणं होतं. तुमच्या सर्जनने योग्य केलं.

पण काकूंचा प्रश्न मला लागला. खोटं का बोलू, माझ्याकडेही सही रात्रीच होते आणि बहुतेक वेळा मुलाचीच होते. कारणं सांगतो, समर्थन म्हणून नाही.

एक तर आमच्या नीतिनियमांतच घोळ आहे. मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम, कलम ७.१६ काढून बघा. ऑपरेशनआधी लेखी संमती कुणाची? तर "पती किंवा पत्नी, अल्पवयीन असल्यास आईवडील वा पालक, किंवा यथास्थिती खुद्द रुग्ण". ज्याचं पोट कापायचं तो यादीत शेवटी! पुढे असंही आहे की मूल होणं बंद होईल अशा ऑपरेशनला नवराबायको दोघांची. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणून आम्ही अजून २००२ वरच. आमची पिढी हे वाचून मोठी झाली. सिस्टरला "पेशंटचे कोण?" हे आम्हीच शिकवलंय.

दुसरं, भीती. पेशंटला काही झालं तर भांडायला पेशंट येत नाही, नातेवाईक येतात. चाळीस माणसं येतात. महाराष्ट्रात २०१० पासून डॉक्टर-दवाखान्यावरच्या हल्ल्याविरुद्ध कायदा आहे, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद. पण काच फुटते तेव्हा कायदा कपाटात असतो. मुलाची सही हातात असली की निदान "आम्हाला सांगितलंच नाही" हे तरी म्हणता येत नाही.

तिसरं तुम्हा मंडळींकडे येतं. दर दहातले तीन-चार नातेवाईक दारातच गाठून सांगतात, "डॉक्टर, आईला काही सांगू नका, ती घाबरते." मी काय करू?

---

काळाकोट

डॉक्टर, ७.१६ चा मुद्दा बरोबर, मांडणी गचाळ आहेच. पण नियमाने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाकला जात नाही. शिवाय गर्भपाताचा कायदा बघा, १९७१ चा. सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरे, नवऱ्याची सही लागत नाही, हे त्यात पहिल्यापासून आहे. तरी किती ठिकाणी नवऱ्याला बोलावून आणायला सांगतात!

"आईला सांगू नका" याचं उत्तर: दुखण्याची माहिती पेशंटच्या मालकीची. नातेवाइकांना सांगायची तर तिला विचारून. आपल्याकडे हे नेमकं उलटं चालतं.

---

पावसाळी

"सांगू नका" वाल्यांपैकी मी एक. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

बाबांना पोटाचा कॅन्सर. आम्ही चौघा भावंडांनी फोनवर ठरवलं, अल्सर म्हणायचं. डॉक्टरांना गळ घातली, ते तयार झाले. रिपोर्ट माझ्या बॅगेत, बाबांची फाइल वेगळी. घरात बोलायचं तर गॅलरीत जाऊन. महिनाभर हे नाटक चाललं. मग मुंबईला न्यायचं ठरलं. दादरला उतरून टॅक्सी केली. परळला गाडी वळली तेव्हा बाबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "टाटाला ना?" मी काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "अरे, अल्सरला कुणी चार-चार पोरं रजा टाकून येतात का?"

त्यांना महिन्याआधीच कळलं होतं. आम्हाला वाईट वाटेल म्हणून ते गप्प होते. पुढे चार महिने होते त्यांच्याकडे. त्यांना गावच्या जमिनीचं एक जुनं भांडण मिटवायचं होतं, धाकट्या काकांशी बोलायचं होतं. त्यातला महिना आम्ही खाल्ला.

डॉक्टरांनी आमचं ऐकायला नको होतं असं आज वाटतं. तेव्हा ऐकलं नसतं तर मी दवाखाना बदलला असता, हेही खरं.

---

निमिष७

🙏

---

गावचा_सर्जन

पावसाळी, लिहिलंत हे बरं केलंत. आमच्या नियमांत (२.३) असं आहे की आजाराचं गांभीर्य वाढवून सांगू नये, कमीही करू नये, आणि रुग्ण, त्याचे नातेवाईक वा जबाबदार मित्र यांना पेशंटच्या आणि कुटुंबाच्या हिताची तेवढी माहिती असेल असं बघावं. पुन्हा तेच, "वा"! त्या "वा"च्या आड आम्ही लपतो.

अलीकडे मी पेशंटलाच विचारायला लागलोय: "तुमच्या आजाराबद्दल सगळं तुमच्याशी बोलू, की घरात कुणाशी बोललेलं तुम्हाला चालेल?" काही जण खरंच म्हणतात, पोराशी बोला, मला नको. तो त्यांचा निर्णय झाला. बायकांना हे विचारलं की आधी त्या नवऱ्याकडे बघतात.

---

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स. तेवीस वर्षं. धाग्यातली "सिस्टर" मीच समजा.

रात्री ऑपरेशनच्या पेशंटची तयारी कशी असते ते सांगते. दागिने उतरवायचे, मंगळसूत्र गॉजमध्ये गुंडाळून नातेवाइकाच्या हातात, रजिस्टरला सही. बांगड्या निघत नसल्या तर साबण, नाहीतर चिकटपट्टी. नखाचा रंग काढायचा, तो असला की बोटाला लावायचं यंत्र प्राणवायू नीट दाखवत नाही. कवळी डबीत. बारानंतर पाणी नाही, ते पेशंटला आणि वर डबा घेऊन बसलेल्या मावशीला वेगळं सांगायचं. एनिमा. रक्ताची सोय. असे सहा पेशंट, आम्ही दोघी. या सगळ्याच्या शेवटी सह्या. म्हणून त्या साडेदहाला होतात आणि म्हणून फुल्या मारलेल्या असतात.

आणि खाली "साक्षीदार" म्हणून सही कुणाची? माझी. कशाची साक्षीदार? डॉक्टरांनी समजावून सांगितलं याची. मी ते बघितलेलं नसतं. अशा शेकडो सह्या मी केल्यात.

एका दवाखान्यात एक मेट्रन होत्या, त्यांनी आम्हाला सवय लावली. पेन पेशंटच्या हातात द्यायचं आणि विचारायचं, "उद्या काय करणार आहेत तुमचं, सांगा बरं?" त्याच्या शब्दांत. पहिल्याच आठवड्यात एक आजोबा म्हणाले, "मूळव्याध." यादीत हर्निया होतं. त्यांना दोन्ही दुखणी होती आणि आपण मूळव्याधीसाठीच आलोय अशी त्यांची पक्की समजूत. सर्जनला रात्री फोन केला. चिडले, पण आले, कॉटवर बसून बोलले. आजोबा म्हणाले, मग आधी मूळव्याध करा, हर्निया तीस वर्षं आहे, तो कुठं जातोय!

कायदा मला कळत नाही. पण तो प्रश्न विचारायला दीड मिनिट लागतं.

---

बोलघेवडा

सिस्टर, तुम्हाला सलाम. पण एक व्यावहारिक बोलू? मी एकदा फॉर्म वाचायला मागितला. काउंटरवरचा म्हणाला, "वाचायचाय? मग टीपीएची, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीची, मंजुरी उद्यावर जाईल." माझ्या मागे सात जण. सही केली नाही तर पुढचं वाक्य "दुसरीकडे न्या" असतं. तेव्हा निकाल खिशात ठेवून काय करायचं?

---

काळाकोट

ठरवून केलेल्या ऑपरेशनला सही केली नाही तर ऑपरेशन होणार नाही, हे बरोबरच आहे. फॉर्म मात्र आदल्या दिवशी घरी मागता येतो. ओपीडीतच मागा. तिथे मागे सात जण नसतात.

अपघात, बेशुद्धावस्था यांची गोष्ट वेगळी. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यापासून स्पष्ट आहे: जीव वाचवणं आधी, पोलीस-पंचनामा नंतर, आणि हे सरकारी-खासगी सगळ्या डॉक्टरांना लागू. बेशुद्ध माणसाची संमती मिळत नसेल आणि वेळ नसेल तर त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेला उपचार गुन्हा ठरत नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ९२ होतं, आता न्याय संहितेचं ३०. "नातेवाईक आल्याशिवाय हात लावणार नाही" हे तिथे चालत नाही.

---

दणका

एवढं चर्चापुराण कशाला? सरळ एफआयआर ठोका. कोरा फॉर्म म्हणजे फसवणूक. दोन वर्षं आत जाऊ दे, सगळे सरळ होतील.

---

कृष्णाकाठ

दणकाभाऊ, आईचं ऑपरेशन त्या माणसाने नीट केलंय. मला त्याला आत टाकायचं नाहीये.

---

काळाकोट

आणि टाकताही येणार नाही. न्याय संहितेच्या १०६(१) मधली डॉक्टरांसाठीची दोन वर्षं ही हयगयीने मृत्यू झाला तर. इथे आई शब्दकोडं सोडवतेय. मृत्यू झाला तरी २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे हयगय अगदी उघड नि गंभीर लागते, दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत लागतं, उठसूट अटक नाही.

ज्यांना खरंच दाद मागायची असेल त्यांचा रस्ता ग्राहक आयोग. १९९५ च्या शांता निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्यात येते. मुदत दोन वर्षं. नीतिनियम मोडल्याची तक्रार राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे. दोन्हीकडे आधी कागद लागतात, आणि मागितल्यापासून ७२ तासांत ते देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तेच २००२ चे नियम. कृष्णाकाठ, भांडायचं नसलं तरी फाइलची प्रत घ्या. आईच्या नावाने अर्ज, आईच्या सहीने.

---

टेम्सकाठची

मूळची साताऱ्याची, आता लंडनजवळ ऑपरेशनपूर्व तपासणीच्या विभागात नर्स आहे. इकडे मुलाची सही घेतलीच जात नाही. फॉर्मवर ती जागाच नाही. माणूस निर्णय घ्यायला समर्थ आहे असंच धरून चालायचं, नसेल तर ते सिद्ध करायचं, असा २००५ चा कायदा आहे.

२०१५ पासून आणखी कडक. माँटगोमेरी खटला, स्कॉटलंडमधला. मधुमेही, अंगाने लहानखुरी बाई; बाळ मोठं, खांदा अडकण्याचा धोका नऊ-दहा टक्के. डॉक्टरांनी सांगितला नाही, सांगितला तर सगळ्या बायका सिझर मागतील म्हणून. बाळ जन्मतःच अधू झालं. न्यायालय म्हणालं, इतर डॉक्टर काय सांगतात हे माप नाही. या बाईला काय जाणून घ्यावंसं वाटलं असतं ते माप. वर वकीलसाहेबांनी सांगितलेला भारतातला निकाल जुन्या ब्रिटिश मापावर बेतलेला आहे. ज्यांचं माप घेतलं, त्यांनीच ते सात वर्षांनी टाकून दिलं!

पण इथे स्वर्ग आहे असं समजू नका. एक आजी आल्या होत्या, आपल्याकडच्याच. नातेवाइकांनी दुभाषा व्हायचं नाही असा आमचा दंडक, पण त्या दिवशी फोनवरचा दुभाषी मिळेना. सर्जनने गुडघ्याच्या सांध्याबद्दल पाच मिनिटं सांगितलं: रक्ताच्या गुठळ्या, जंतुसंसर्ग, सगळं. सुनेने आजींना सांगितलं, "काही नाही हो आई, छोटंसं आहे." मी मराठी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मी थांबवलं. आजी सगळं ऐकून म्हणाल्या, "मग पुढच्या वर्षी करू, नातवाचं लग्न होऊ दे."

---

गुहागरकर

वाचनमात्र होतो, पण जुनी गोष्ट आठवली म्हणून लिहितो. हयगयीच्या निकालांत अजूनही ज्याचा दाखला देतात तो खटला आमच्याकडचा आहे. पालशेतचा समुद्रकिनारा. मे १९५३. वीस वर्षांचा मुलगा, मांडीचं हाड मोडलं. किनाऱ्यावरून घरी आणायला खाट मागवावी लागली. गावच्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधल्या, पुढे हाड हलू नये म्हणून बांधायच्या खपच्या मागवल्या. मग टॅक्सीतून पुण्याला, सुमारे दोनशे मैल, रात्री एकला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला पोचले. तिथे भूल न देता, नुसत्या मॉर्फियावर हाड बसवलं. मुलगा त्याच रात्री गेला. वडील स्वतः डॉक्टर, दौंडला. ते लढले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जिंकले. भरपाई ३००० रुपये.

त्या निकालात डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली आहेत: केस घ्यावी की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा ते ठरवताना काळजी, आणि तो देताना काळजी. विचारण्याबद्दल त्यात वेगळं काही नाही. त्या काळी डॉक्टरला विचारायचं असतं हे कुणाच्या डोक्यात नव्हतं, आमच्या तर नव्हतंच. माझ्या वडिलांनी डॉक्टरांसमोर कधी खुर्चीत बूड टेकलं नाही.

---

गावचा_सर्जन

गुहागरकर, वकील हा खटला जोशी-गोडबोले म्हणून सांगतात. खाटेचा तपशील मला ठाऊक नव्हता.

---

निमिष७

अवांतर: आई बेशुद्ध असेल आणि बरी होण्यासारखी नसेल तर? तेव्हा तरी मुलाने ठरवायचं ना?

---

काळाकोट

त्यावर वेगळा धागा हवा. थोडक्यात: केईएममधल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्यात २०११ साली उपचार थांबवण्याची वाट उघडली, २०१८ साली 'लिव्हिंग विल'ला, म्हणजे अशा वेळी उपचार नकोत असं आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, मान्यता मिळाली, २०२३ च्या जानेवारीत पद्धत सोपी झाली. आता दंडाधिकाऱ्यापुढे जावं लागत नाही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर होतं. आधी लिहून ठेवलं तर तिथेही मुलाने ठरवायचं नसतं, आईने ठरवलेलं मुलाने सांगायचं असतं.

---

कृष्णाकाठ

अपडेट. सगळ्यांचे आभार.

आईच्या सहीने अर्ज दिला. काउंटरवर आधी "वकिलाला द्यायचीय का?" असं झालं. आई म्हणाली, "मला वाचायचीय." तिसऱ्या दिवशी झेरॉक्स मिळाली. संमतीपत्रावर ऑपरेशनचं नाव नंतर भरलेलं दिसतं, शाई वेगळी. "गरज पडल्यास पोट उघडून" हेही लिहिलंय. पेशंटच्या सहीची जागा रिकामी आहे. मी "मुलगा, पेशंटच्या वतीने" अशी सही करून मोकळा झालोय. "पेशंट सही का करू शकत नाही, कारण" अशीही एक ओळ आहे. तीही कोरीच.

आईने लाल पेन घेऊन अख्खा फॉर्म तपासला. "आय हॅव बीन एक्स्प्लेन्ड" याखाली दोन रेघा मारल्या, समासात "माणूस समजावला जात नाही, गोष्ट समजावली जाते" असं लिहिलं. आठ चुका काढल्या. मग तो घेऊन टाके बघायला गेलो तेव्हा सर्जनच्या टेबलावर ठेवला.

मला वाटलं, आता वाजणार. ते आधी हसले, मग लाल अक्षरं वाचता वाचता गप्प झाले. कंपाउंडरला म्हणाले, बाहेरून एक खुर्ची आण. प्रिस्क्रिप्शनच्या मागे यकृत, पित्ताशय, नळी असं काढून कुठे चिकटलं होतं ते दाखवलं. वीस मिनिटं. आईने तीन प्रश्न विचारले, त्यातला एक मला सुचलाच नसता: पित्ताशय नाही तर तूप पचतं का. (पचतं, हळूहळू वाढवा म्हणाले.) "काकू, हे आधी करायला हवं होतं," असं म्हणाले. आई म्हणाली, "हो." एवढंच.

घरी येताना रिक्षात मी म्हणालो, माझंही चुकलं. तर म्हणाली, "तुझं जास्त. तो मला ओळखत नव्हता."

---

रात्रपाळी

😊 काकूंना नमस्कार सांगा. टाके सुकले ना नीट? आणि खडे दिले का डबीत? बहुतेक ठिकाणी देतात.

---

कृष्णाकाठ

सुकले. खडे दिले होते, माझ्याकडे. काल तिने मागून घेतले. अकरा आहेत. डिस्चार्ज कार्डवर "अनेक" लिहिलंय, ते खोडून तिने आकडा घातला.